पहिल्या गोणीच्या पाया पडणारा हात

मामा, नवा आला.

तू जाऊन आज वीस दिवस झाले. तेरावं उरकून मी कामावर गेले आणि त्याच सकाळी कारखान्याच्या फाटकातून ट्रेलर आत शिरला. वर भलंमोठं लाकडी खोकं आणि खोक्यात तो, गोण्या रचणारा यंत्राचा नवा हात, ज्याची आपण दोघं दिवाळीपासून वाट बघत होतो. मी धावत शेडबाहेर आले, मोबाइल काढला आणि तुझा नंबर लावला. तीनदा रिंग गेल्यावर भान आलं. संध्याकाळी मामी म्हणाली, "फोन वाजला ह्यांचा. तुझं नाव दिसलं. काय बोलू म्हणून उचलला नाय."

पण मला तुला सांगायचंय. पोटात मावत नाहीये. मुरबाडच्या एमआयडीसीत यंत्रं काय रोजच येतात, पण हे ज्याला सांगावं असा माणूस मला एकच होता आणि तो नेमका आत्ताच निघून गेला, याचा मला तुझ्यावर रागही आहे. रडगाणं तुला चालायचं नाही. "कामाचं बोल" म्हणायचास. तर कामाचंच बोलते.

याला डोळे आहेत, मामा. वर लोखंडी कमानीला दोन कॅमेरे आहेत आणि एक त्याच्या मनगटाशी. आपला जुना हात कसा, ठरलेल्या जागी जायचा, गोणी तिथे असो वा नसो. गोणी जरा तिरकी आली की हवेत मूठ मारून परत यायचा आणि मग मी शिडी लावून वर. नव्याच्या समोर मी मुद्दाम गोणी आडवी टाकली. त्याने मनगट वळवलं आणि आडवीच उचलली. मग उलटी टाकली. मग दोन गोण्या एकमेकींवर टाकल्या. त्याने वरची आधी घेतली, खालची नंतर. तळहाताला रबराच्या वाट्या आहेत, त्या गोणीला चिकटतात, आणि उचलतानाच त्याला वजन कळतं. एक गोणी खालून उसवली होती, कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्याने ती अर्ध्यावर नेली, थांबला आणि बाजूला ठेवली. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांसमोर, एकटीनेच.

आणि त्याच्याबरोबर एक चपटी गाडी आलीय, चार चाकांची, गुडघ्याएवढीसुद्धा नाही. रचलेल्या गोण्यांखाली शिरते, सगळा डोलारा उचलते आणि गोदामात नेऊन ठेवते. ड्रायव्हर नाही, रूळ नाही, जमिनीवर पट्टासुद्धा नाही. रस्ता तिचा तीच बघते. पहिल्याच दिवशी झाडणाऱ्या मावशी तिच्या वाटेत उभ्या राहिल्या. गाडी थांबली. मावशी हलेनात, तीही हलेना. शेवटी मावशीच बाजूला झाल्या, म्हणाल्या, "जा गो बाय, तुला घाई असंल." त्या दिवसापासून तिला सगळे बायच म्हणतात.

म्हणजे आपला वाद मी जिंकले. "यंत्राला नजर नाय, मंगे." किती वेळा ऐकलं असेल हे मी? सिद्धगडाच्या पायथ्यापासून मुरबाडपर्यंत तुझ्या मोटरसायकलवर मागे बसायचं आणि हेल्मेटमधून तुला ऐकू जावं म्हणून ओरडून भांडायचं. तू मागे न बघता, मान जरासुद्धा न हलवता तेच वाक्य पुन्हा म्हणायचास. वाटेत म्हसा गावात चहा प्यायला थांबलो की वादही थांबायचा, आणि मोटरसायकलला किक बसली की पुन्हा सुरू. घे, आता नजरही आली. आता बोल.

तसा मला या धंद्यात ओढलास तूच. मी खर्डीची. शहापूरला आयटीआय केलं आणि वर्षभर घरी बसून चिखलात भाताची रोपं आवणणं, भात कापणं हेच करत होते. तू आईला फोन केलास, "पोरीला पाठव माझ्याकडं. इथं यंत्राचा हात येतोय, कोणाला काय कळत नाय त्यातलं." कोंबडीखाद्याच्या त्या कारखान्यात तू वीस वर्षं गोण्या रचत होतास. वीस किलोची एक गोणी, दिवसभरात किती व्हायच्या ते तुझी पाठ जाणे. कमरेला पट्टा बांधल्याशिवाय तू घराबाहेर पडत नव्हतास. तरी तुमच्यासारख्या आठ लोडरांचं काम करायला येणाऱ्या यंत्रापाशी आपल्या भाचीला उभी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढे त्या आठातल्या तिघांना काम सोडावं लागलं. त्याच्या तिसऱ्या दिवशी तू म्हणालास, "पाठ वाचली न् पोट गेलं, याला काय म्हणायचं ते तूच सांग." नव्या यंत्राच्या कौतुकात तुझा तो प्रश्न मी विसरलेले नाही.

तो पहिला हात आला तेव्हाचे दिवस आठवतात? चार दिवस नुसता गोंधळ. यंत्राबरोबर आलेल्या माणसाने जी रचना बसवून दिली होती ती दिसायला झकास होती, पण फोर्कलिफ्ट वळली की गोण्या कलंडायच्या. साहेब चिडलेले, तो माणूस आपल्या गावी परत गेलेला, आणि मी आकडे बदलून बदलून रडकुंडीला आलेली. पाचव्या दिवशी तू भिंतीला टेकून बघत होतास. जवळ आलास आणि हळूच म्हणालास, "मंगे, हा उडवी उलटी रचतोय."

भात कापल्यावर खळ्यावर भाऱ्यांची उडवी तू रचायचास ती मी लहानपणापासून बघत आले होते. कणसं आत, बुडखे बाहेर, गोल गोल थर आणि प्रत्येक थर आतल्या अंगाला किंचित कललेला. वारा येऊ दे, गुरं अंग घासू देत, तुझी उडवी कधी ढळली नाही. गोण्यांचंही तेच निघालं. शिवलेलं तोंड सैल असतं, ते आत घ्यायचं. गच्च भरलेलं बूड बाहेर. आत कल द्यायचा. इतकं सोपं होतं ते, आणि आमच्या जाडजूड पुस्तकात ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पण तुझ्या हाताचा तो कल मला आकड्यात लिहिता येईना. मग मी म्हटलं, मामा, तूच त्याचा हात धर. त्या यंत्राला ती सोय होती. बटण दाबून धरलं की हात सैल पडायचा, आपण नेऊ तिकडे यायचा आणि नेलेली वाट लक्षात ठेवायचा. तू आधी नळावर जाऊन हात धुऊन आलास. दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलंस आणि म्हणालास, "येवढा हलका? मला वाटलं रेड्याला वळवायचंय." मग त्याला पहिल्या गोणीपाशी नेलंस. गोणीला टेकवलंस. आणि उचलायच्या ऐवजी तसाच रिकामा वर आणलास, आपल्या कपाळापर्यंत. क्षणभर थांबलास. मग पुन्हा खाली नेऊन गोणी उचललीस.

मी वहीत बघत होते. मला वाटलं, उंचीचा अंदाज घेतोयस.

दुसऱ्या दिवशी यंत्र चालू केलं आणि सगळी शेड बघत राहिली. हात खाली आला, पहिल्या गोणीला टेकला, रिकामाच वर गेला, माणसाच्या कपाळाएवढ्या उंचीवर थांबला, मग खाली येऊन कामाला लागला. दर वेळी नवी रास सुरू करताना पहिल्या गोणीला हेच. लोडर हसले, पण त्या हसण्यात कौतुक होतं. उडवी रचताना तू पहिल्या भाऱ्याला हात लावून कपाळाशी नेतोस, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. गोण्या कलंडायच्या थांबल्या होत्या, त्यामुळे आठवडाभर कोणी काही बोललं नाही.

मग साहेब मोबाइलवर सेकंद मोजत आले. "हा रिकामा का फिरतो? चार सेकंद जातात." तू समोरच होतास, भिंतीपाशी, बाकीच्यांबरोबर. आणि मी म्हणाले, "शिकवताना चूक झाली, सर. मामांकडून झाली. आत्ता काढते."

मामा, मला लाज वाटली होती. यंत्राची नाही, तुझी. नवी नोकरी, अंगात नवा निळा शर्ट, आणि साहेबांना मी काय सांगणार होते, की हे यंत्र पाया पडतंय? मी त्यांच्यासमोरच ते काढून टाकलं. माझी बोटं त्या दिवशी फार पटपट चालली.

घरी जाताना म्हशाला थांबलो. चहा घेताना विचारलंस, "काढलंस?"

"चार सेकंद जायचे, मामा."

"हां. टाइम म्हंजे टाइम," म्हणालास आणि बशी पुसून ठेवलीस.

त्या विषयावर आपण पुन्हा कधीच बोललो नाही. तीन वर्षं बाकी सगळ्यावर भांडलो. आता आठवून बघते तर "यंत्राला नजर नाय" हे तू त्याच आठवड्यापासून म्हणायला लागलास. तुझं नेमकं काय दुखलं होतं हे मला तेव्हाही कळत होतं, आणि कळत नसल्यासारखं ओरडून भांडणं मला सोपं जात होतं.

विचारायचं एवढंच राहिलं, की ते तू मुद्दाम केलं होतंस की सवयीने झालं होतं. सवयीने झालं असेल तर माझा गुन्हा जरा हलका, असा हिशेब मी मनात धरून होते. आज विचारू, उद्या विचारू. मग यंदाचं भात कापून झालं, सुट्टीच्या दिवशी तू खळ्यावर उडवी रचलीस, घरात येऊन तांब्याभर पाणी प्यालास, जरा पडतो म्हणालास आणि भरदुपारी गेलास. मी घरातच होते. भाकरी टाकू का म्हणून विचारायला आत आले होते.

दहाव्याचं उरकून आल्यावर मामी आणि मी खळ्यावर बसलो होतो. ती उडवी तशीच उभी होती. मामी तिला कोणाला हात लावू देत नव्हती. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होती आणि बोलता बोलता म्हणाली, "पयलं यंत्र आलं तवा त्या दिशी घरी आले ते हासतच. म्हनाले, मशीनला आज पाया पडाया शिकवलं."

मी विचारलं, "मुद्दाम?"

"मंग? म्हनाले, आता माझ्याऐवजी दाणा तो उचलनार, न इचारता कसा उचलंल. त्यांचा हात कधी चुकलाय का गो?"

मग तिने विचारलं, "करतो का अजून?"

"करतो," मी म्हणाले.

आयुष्यात इतकं पटकन खोटं मी कधी बोलले नाही. मामी म्हणाली, "येकदा बघाया पायजे मला." आणि मी मान डोलावली.

तर असा मी शब्द देऊन बसले होते आणि तेवढ्यात हा नवा आला. आता पुढचं ऐक, मामा, हेच सांगायला एवढं लिहिलंय.

याला बसवायला पुण्याहून रेवती नावाची इंजिनिअर आलीय. माझ्याच वयाची, बोलायला मोकळी. मी तिला म्हटलं, जुन्या यंत्रातली वाट याच्यात टाकता येईल का? माझ्याकडे तुझी ती पहिली वाट होती. काढून टाकण्याआधी मी ती पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली होती. का ठेवली होती ते विचारू नकोस. रेवती म्हणाली, "तशीच्या तशी नाही जमणार, याचे सांधे वेगळे आहेत. पण वाट टाकायची गरजच काय? याला करून दाखव. हा बघून शिकतो."

मामा, हात धरायचाच नाही. मनगटाला एक पट्टा बांधायचा, कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आणि काम करून दाखवायचं. तो बघतो, आपलं मनगट कसं वळलं, गोणी कुठे टेकली, कुठे कल दिला, आणि मग स्वतः करतो. पहिल्यांदा चुकतो, दुसऱ्यांदा कमी चुकतो. तुझ्या उडवीचा कल मी त्याला तीन वेळा रचून दाखवला आणि चौथ्यांदा त्याने रचला तो माझ्यापेक्षा बरा होता. मला हर्षाने काय करावं सुचेना. हात धरून नाही, आकड्यांनी नाही, नुसतं बघून. मी उडवी शिकले तशी. फक्त मला सहा-सात हंगाम लागले.

मग राहिला पहिल्या भाऱ्याचा नमस्कार. शेडमध्ये साहेब होते, रेवती होती, भिंतीपाशी उरलेले लोडर बसले होते. मी पट्टा बांधून उभी राहिले. नळावर जाऊन हात धुऊन आले. पहिल्या गोणीला हात टेकवला, तो कपाळाशी आणला, डोळे मिटले, आणि मग गोणी उचलली.

साहेब म्हणाले, "हे काय मंगल?"

"जानूमामांनी जुन्या यंत्राला शिकवलं होतं ते," मी म्हणाले. "ती चूक नव्हती, सर. तिला चूक म्हटलं ते मी चुकीचं बोलले होते. याला पण हे शिकवायचंय."

साहेबांनी रेवतीकडे बघितलं. "वेळ किती जातो?"

रेवतीने पडद्यावर बघितलं आणि हसली. "काहीच नाही. हा इतका फास्ट आहे की नवी रास सुरू करताना पहिली गोणी यायची वाट बघत तसाही उभाच असतो. याला वेळच वेळ आहे."

ऐकलंस? ज्या चार सेकंदांपायी मी तुला सगळ्यांसमोर खाली बघायला लावलं, तेवढे सेकंद या नव्याकडे नुसते पडून आहेत. यंत्र वेगवान झालं आणि वेळ परत आला. साहेब म्हणाले, "मग राहू दे की," आणि फोन आला म्हणून निघून गेले. हात खाली आला, गोणीला टेकला, रिकामा वर गेला. भिंतीपाशी बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "आता खरा कामाला लागला."

काल मी मामीला घेऊन आले. फाटकावर तिचा पास केला, डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं, ते पदरावर नीट बसेना. पिवळ्या रेघेच्या मागे ती उभी राहिली. बाय समोरून गेली तेव्हा तिने नकळत वाट दिली. मग नवी रास सुरू झाली. हात उतरला, पहिल्या गोणीला टेकला, वर गेला, थांबला.

मामीने डोळे पुसले नाहीत. ती त्याच्याकडे बारकाईने बघत होती, बाजारात बैल बघावा तशी. म्हणाली, "जरा जास्तच वर नेतो गो. ह्यांचं कपाळ येवढं उंच नव्हतं."

खरंच होतं. तो माझ्याकडून शिकला होता, म्हणून माझ्या कपाळापर्यंत जात होता. मी तुझ्याहून चार बोटं उंच.

मामीला चहाला बसवून मी पेनड्राइव्ह लावला. तुझी ती पहिली वाट उघडली. नुसते आकडे, मामा, ओळीच्या ओळी. हात कुठे टेकला, कुठून वर गेला, कुठे थांबला. थांबला त्या जागेची जमिनीपासूनची उंची लिहिलेली होती, एक हजार पाचशे सोळा मिलिमीटर. घरात तुझे फोटो आहेत, लग्नातले, आधारकार्डावरचा, दहाव्याला मोठा करून आणलेला. त्यातल्या एकातूनही तू उभा केवढा होतास ते कळत नाही. ते या एका फाइलीत राहिलं होतं आणि तीन वर्षं माझ्या पर्समध्ये होतं.

मी तो आकडा नव्याला दिला. मामीला परत रेघेपाशी आणलं. हात खाली आला, गोणीला टेकला आणि तिथवर येऊन थांबला, जिथे तू असायचास. मामी म्हणाली, "हां. आता बराबर." मग त्याने गोणी उचलली.